‘काळजी घे’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : ताई, मला जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू होतात. आमच्या घरातून परदेशी जाणारी मी पहिलीच, आणि त्यात एकटी. भेटायला आलेलं प्रत्येक माणूस उठताना ‘काळजी घे हं’ म्हणतं. काकांनी तर मिरचीचा स्प्रे आणून दिला. पण काळजी घ्यायची म्हणजे नेमकी कशाची, असं विचारलं की सगळे गप्प होतात. तुम्ही तिकडे शिकून आलात, तुम्हीच सांगा. – एक वाचक, सांगली

उत्तर : काकांचा स्प्रे आधी बाजूला ठेवू. विमानात हातातल्या पिशवीतून तो नेता येत नाही, तपासणीत काढून घेतील. काकांना वाईट वाटू नये म्हणून निघेपर्यंत कपाटात ठेव.

प्रश्न मात्र रास्त आहे. ‘काळजी घे’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र असतं : रात्र, सामसूम रस्ता, एकटी मुलगी. माझ्याही घरच्यांच्या डोळ्यांपुढे तेच होतं. तिथल्या दोन वर्षांत मी तीनदा रडकुंडीला आले. त्यांत एकदाही सामसूम रस्ता नव्हता. एकदा दार होतं, एकदा टपालपेटी आणि एकदा ट्रामचं तिकीट.

दाराची गोष्ट पहिल्या महिन्यातली, रविवार सकाळची. शेगडीवर भात ठेवून, घरातल्या सपाता घालून मी कचऱ्याची पिशवी टाकायला खाली गेले. परत आले तर दार लागलेलं. तिथल्या बहुतेक फ्लॅटच्या दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता एक गोळा बसवलेला असतो. वाऱ्यानं दार लोटलं गेलं तरी खटका बसतो आणि मग किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली आत, फोन आत, भात आत. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या फोनवरून कुलूपवाल्याला बोलावलं. त्यानं प्लास्टिकची एक पट्टी फटीत सरकवली, दोन मिनिटांत दार उघडलं आणि १८० युरोंचं बिल हातात ठेवलं. रविवारचा दर वेगळा, हे त्यानं अगदी नम्रपणे सांगितलं. भात अर्थातच जळला होता.

आता यातलं कारण बघ. सांगलीत तुझ्या घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असणार. ती कधी, का दिली हे कोणाला आठवतही नसेल. आपल्याकडे निम्मी काळजी अशी आजूबाजूची माणसं आपल्या नकळत घेत असतात : काकू, वॉचमन, कोपऱ्यावरचा दुकानदार, मामांचे ओळखीचे. तिथं माणसं वाईट नसतात, पण न विचारता तुझ्या कामात पडणं त्यांना शिष्टाचाराला सोडून वाटतं. म्हणून इकडे जे गोतावळा करतो, ते तिथं तुला आधी आठवून करून ठेवावं लागतं. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच.

तेव्हा खोलीच्या दोन किल्ल्या मिळाल्या की एक पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एखाद्या भरवशाच्या मुलीकडे दे, तिची तू ठेव. आणि ‘हाफ्टप्फ्लिष्ट’ नावाचा विमा काढ. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा हा विमा वर्षाला थोडक्या युरोंत मिळतो आणि तिथं बहुतेकांकडे असतो. त्यात ‘किल्ली हरवणे’ धरलेलं आहे ना, तेवढं वाचून घे. वसतिगृहाची किल्ली हरवली तर कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलण्याचा खर्च मागतात.

टपालपेटीचं कोडं मला उलगडायला तीन आठवडे लागले. बँकेचं कार्ड येईना, त्याचा पिन येईना. बँक म्हणे, दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. पत्ता तर बरोबर होता! झालं होतं असं, की जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबरच नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची आडनावं वाचतो आणि जुळेल त्या पेटीत पत्र टाकतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, म्हणजे पोस्टाच्या हिशेबी मी त्या घरात राहतच नव्हते. आपल्याकडे ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्यावर पत्र येतं, कारण पोस्टमन माणसं ओळखतो. तिथं तो अक्षरं ओळखतो.

हे क्षुल्लक वाटेल, पण विम्याचं कार्ड, करक्रमांक, सरकारी कचेरीची बोलावणी असं बरंच काही अजूनही कागदी पत्रानंच येतं. उत्तर द्यायची मुदत त्यातच लिहिलेली असते आणि ‘मला मिळालंच नाही’ हे कारण सहसा चालत नाही. म्हणून पोहोचलीस की, बॅग उघडण्याआधी, कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीला आणि घंटीला चिकटव. पासपोर्टावर आहे तेच आडनाव, घरी म्हणतात ते नाही.

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर त्यातली खरी गाठ सोडवू. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. या नोंदणीवर करक्रमांक अवलंबून, निवास परवाना अवलंबून, बरीच बँकेची कामंही अवलंबून. आणि नोंदणीसाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो, ज्याचं नाव उच्चारायलाच एक सेमिस्टर लागेल : वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. म्हणजे खोली स्वस्त आहे, छान आहे, पण मालक म्हणतो ‘राहा, नोंदणी मात्र करू नको’, तर ती खोली तुझ्या उपयोगाची नाही. ‘नुसती झोपायची सोय’ आणि ‘पत्ता’ या तिथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विद्यार्थ्यांच्या गावांत खोल्यांची टंचाई असते आणि इथून जाणारी मुलगी घाबरलेली असते. ठग नेमके याच जागी बसलेले असतात. जाहिरातीत सुंदर खोली, भाडं कमी, मालक (किंवा ‘मालकीण’, म्हणजे मुलींना बरं वाटतं) सध्या परदेशात, अनामत पाठवा, किल्ली टपालानं येईल. किल्ली कधीच येत नाही. नियम साधा ठेव : खोली स्वतः किंवा विश्वासू माणसानं पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. खरी अनामतसुद्धा कायद्यानं तीन महिन्यांच्या ‘थंड भाड्या’पेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुला आहे. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. हीटर, पाणी वगैरे मिळवलं की ते ‘गरम’ होतं. जाहिरातीतला आकडा थंड की गरम, हे आधी विचार. पहिले काही आठवडे वसतिगृहात किंवा हॉस्टेलच्या सामाईक खोलीत काढावे लागले तरी चालेल, पण घाईनं पैसे पाठवू नकोस.

पैशांबद्दल आपल्याकडे दोन उलटसुलट गैरसमज आहेत. एक, जर्मनीत शिक्षण फुकट. दुसरा, बारा लाख रुपये ‘भरावे’ लागतात. पहिला बराचसा खरा आहे : बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, फक्त दर सेमिस्टरची वर्गणी असते. पण बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून अशी फी लावली आहे. तेव्हा प्रवेशपत्र नीट वाच. दुसरा समज मात्र साफ चूक. व्हिशासाठी जे ११,९०४ युरो दाखवायचे असतात, ते कुणाला द्यायचे नसतात. ते तुझ्याच नावावरच्या बंद खात्यात राहतात आणि तिथं गेल्यावर दरमहा ९९२ युरो तुझ्या हाती येतात. ‘हिच्या हातात एकदम पैसे आले तर उधळेल’ या आजोबांच्या शंकेवर जर्मन सरकारनं शोधलेला तोडगा म्हण हवं तर. खरी अडचण पहिल्या महिन्याची. खातं सुरू व्हायला वेळ लागतो, अनामत मात्र तेव्हाच द्यायची असते. त्यासाठी दीड-दोन हजार युरो वेगळे, हाताशी असू देत.

ट्रामच्या तिकिटाचं थोडक्यात सांगते. तिथं स्टेशनला फाटक नसतं, कंडक्टर दिसत नाही, त्यामुळे नवख्याला वाटतं की कुणी बघत नाही. साध्या कपड्यांतले तपासनीस अधूनमधून येतात आणि दंड ६० युरो. मी तर तिकीट काढलं होतं! पण कित्येक गावांत कागदी तिकीट एका छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. माझं तिकीट कोरं होतं. बरोबरच्या आजोबांनी नंतर समजावलं, की कोरं तिकीट उद्याही वापरता येईल, म्हणून आज ते तिकीटच नाही. तर्क बिनतोड. विद्यापीठाच्या वर्गणीत प्रवासाचा पास मिळतो का, ते बघ. पास असेल तर शिक्क्याची भानगड नाही. मात्र तसले पास साध्या गाड्यांना चालतात, आयसीईसारख्या जलद गाड्यांना नाही.

आता सामसूम रस्ता. तो नाहीच, असं मी म्हणणार नाही. कुठल्याही देशात रात्री बाराच्या लोकलनं एकटं यायचं तर माणूस सावध राहतो, तसं तूही राहशील. पण सावधपणाला तिथं काही चांगल्या सोयींची जोड आहे आणि त्या आपल्या मुलींना ठाऊक नसतात. पोलिस ११०, अग्निशमन व रुग्णवाहिका ११२, हे पाठ कर. ११६ ०१६ ही बायकांवरच्या हिंसेसाठीची फुकट मदतवाहिनी चोवीस तास चालते, जर्मनशिवाय इतर भाषांतही बोलतात आणि नाव सांगावं लागत नाही. रात्री चालत घरी जाताना भीती वाटली तर ‘हाइमवेगटेलिफोन’वर एखादी स्वयंसेवक घर येईपर्यंत तुझ्याशी बोलत राहते. आणि २०१६ मध्ये म्युन्स्टर गावात सुरू झालेली एक युक्ती आता पुष्कळ गावांत पसरली आहे : बारमध्ये किंवा पार्टीत कुणी त्रास देत असेल तर काउंटरवर जाऊन ‘लुईसा इथं आहे का?’ एवढंच विचारायचं. लुईसा कुणीच नसते. पण तिथल्या माणसाला कळतं, तो तुला आत नेतो, टॅक्सी बोलावतो, का-कशाला विचारत नाही.

पण मला वाटतं, अनोळखी माणसाची भीती आपण जरा जास्तच बाळगतो आणि ओळखीच्याची कमी. त्रास देणारा माणूस बहुतेकदा ओळखीतलाच निघतो. परदेशात त्याचं एक खास रूप असतं : ‘आपल्याकडचा दादा’. तो विमानतळावर घ्यायला येतो, खोली शोधून देतो, मसाले आणून देतो. यातले बहुतेक खरोखरच भले असतात. मला भेटलेले सगळे भले होते. एखाद्याला मात्र वाटू लागतं की तू आता त्याचं देणं लागतेस. म्हणून मदत आनंदानं घे, पण भाडेकरार तुझ्या नावानं, किल्ली तुझ्याकडे, पासपोर्ट तुझ्याकडे आणि पैशांचा हिशेब त्याच आठवड्यात चुकता. मग कधी दूर व्हावंसं वाटलं तर घर शोधायची वेळ येणार नाही.

इथं एक गमतीची अडचण येते, ती आपल्या ‘नको’ची. पाहुण्यांकडे चहा विचारला की आपण दोनदा ‘नको नको’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. यजमानालाही ते ठाऊक असतं. जर्मन घरात पहिल्यांदा मला केक विचारला, मी लाजत ‘नको’ म्हटलं, आणि त्या बाईंनी मान डोलावून ताट उचललं. सफरचंदाचा केक होता, अजून आठवतो. तिथं ‘नको’चा अर्थ नको, ‘हो’चा अर्थ हो. केकच्या बाबतीत हे महागात पडतं, पण उरलेल्या आयुष्यात फार सोयीचं आहे. ‘आज मला जमणार नाही’ म्हटल्यावर पुढे कारण जोडावं लागत नाही. २०१६ मध्ये तिथल्या फौजदारी कायद्यातही हेच तत्त्व आलं : बाईनं प्रतिकार केला होता का हे नव्हे, तर तिची नापसंती दिसत असताना ती डावलली गेली का, हे बघायचं. तेव्हा ‘नाही’ हा शब्द जर्मनमध्ये सर्वांत आधी शिक : नाइन. आणि तो हसून म्हणायची सवय इथंच सोडून जा.

‘नाही’ म्हणण्याची आपल्याकडे एक जुनी परंपराही आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, तेव्हा वयानं तुझ्याच आसपास होत्या. त्यांना माणसांच्या कवट्यांची मोजमापं घेऊन डॉक्टरेट करायची होती आणि मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते. फिशरना जे सिद्ध व्हायला हवं होतं, ते इरावतीबाईंच्या मोजमापांतून निघालं नाही. त्यांनी जे निघालं तेच लिहिलं. पदवी मिळाली, १९३० मध्ये त्या परतल्या. तुझ्या प्राध्यापकांशी मतभेद व्हायची वेळ आली तर हे आठव. तिथं शिक्षकाला वर्गात ‘मला हे पटत नाही’ म्हणणं उद्धटपणा धरत नाहीत. दोन वर्षं गप्प बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र त्यांना नीट जोखता येत नाही.

आजारपणाबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर घाबरतील. सर्दी-तापाला तिथला डॉक्टर बहुधा ‘चहा प्या, झोप काढा’ सांगतो. तो दुर्लक्ष करत नाही, पद्धतच तशी आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि रविवारी औषधांची दुकानं बंद. पाळीनं एखादं उघडं असतं. रात्री-अपरात्री, पण जिवावरचं नसेल तर ११६ ११७ लाव. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे थेट जाता येतं, तू सज्ञान असल्यामुळे घरी काही कळवलं जात नाही. एक जुना सल्ला मात्र मोडीत काढ : अर्धी बॅग सॅनिटरी पॅडनं भरायचा. ते तिथं प्रत्येक किराणा दुकानात मिळतात, आणि २०२० पासून त्यांवरचा कर १९ टक्क्यांवरून ७ वर आला आहे. त्या जागेत लोकरी कपडे ने. साजूक तूपही नेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर डबा जप्त होतो आणि आईच्या तुपाचा डबा कचऱ्यात जाताना बघवत नाही.

राहिला फोन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होतं. आईचा रात्री नऊचा फोन तुला कालपर्यंत साडेपाचला यायचा, तो आता साडेचारला, ऐन तासात वाजणार. तू उचलणार नाहीस आणि सांगलीत रात्रभर कुणी झोपणार नाही. नेमका हाच काळ अंधाराचा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार-साडेचारला दिवस मावळतो आणि घरची आठवण येते. त्यामुळे फोनची नवी वेळ त्या रविवारच्या आधीच ठरवा. आणि घरच्यांना तुझ्या मैत्रिणीचा, म्हणजे जिच्याकडे किल्ली आहे तिचा, नंबर देऊन ठेव.

प्रश्न : माझी मुलगीही शिकायला जर्मनीला जाते आहे. कुकर द्यावा का? तिचे वडील म्हणतात तिकडे मिळतो. – एक आई, चिपळूण

उत्तर : मिळतो, पण महाग आणि त्याला शिट्टी नसते, त्यामुळे डाळ किती झाली हे कळत नाही. तीन लिटरचा द्या, चेक-इनच्या बॅगेत, आत मोजे भरून. खोलीत इंडक्शनची शेगडी आहे का, हे आधी विचारा. असेल तर कुकरच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर चालेल, नाही तर ॲल्युमिनियमचा तिथं गरमच होणार नाही. साध्या काचेच्या विजेच्या शेगडीवर सपाट बुडाचा कोणताही चालतो.

फोडणीचं मात्र तिला बजावून सांगा. छताला धुराची घंटा असते, आणि सुक्या मिरचीची फोडणी व आग यांतला फरक घंटेला कळत नाही. घंटा वाजली की मुली घाबरून व्हरांड्याकडचं दार उघडतात. मग धूर बाहेर जातो, व्हरांड्यातली घंटा वाजते आणि खाली अग्निशमन दलाची गाडी उभी राहते. दार बंद ठेवायचं, खिडकी उघडायची. आणि कुकरच्या दोन रबरी रिंगा जादा द्या. त्या तिकडे सहज मिळत नाहीत.